ध्वनिमुद्रिका आणि सीडी : अभंगाच्या ध्वनिपाठाची चिकित्सा

१

एखाद्या ग्रंथाच्या दोन प्रती अभ्यासकापुढे आल्या, म्हणजे त्यांतील कोणतीचे अक्षर अधिक वळणदार आहे एवढ्यावरून तो निर्णय देत नाही. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, लेखनिकाने कोठे काय गाळले, कोठे पदरचे घातले आणि कोठे जुने रूप अपरिचित वाटल्यामुळे बदलले, हे तो आधी पाहतो; मगच साक्ष म्हणून तिचे मोल ठरवितो. गायनाच्या मुद्रित रूपांविषयी मात्र हा विवेक क्वचितच पाळला जातो. व्हिनाइलची ध्वनिमुद्रिका श्रेष्ठ की कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, श्रेष्ठ हा वाद कित्येक वर्षे चालू आहे. परंतु तो ‘कोणती कानाला गोड लागते’ या प्रश्नापलीकडे फारसा जात नाही. एक पक्ष म्हणतो, मुद्रिकेचा आवाज उबदार आणि सीडीचा थंड. दुसरा म्हणतो, सीडीचा आवाज स्वच्छ आणि मुद्रिकेचा खरखरीत. दोन्ही विधाने श्रोत्याविषयी बरेच सांगतात, मुद्रित ध्वनीविषयी थोडेच.

हा वाद केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. अमेरिकेत २०२० साली मुद्रिकांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले आणि २०२२ साली विकल्या गेलेल्या नगांची संख्याही अधिक झाली. १९८०-९० च्या दशकानंतर असे प्रथमच घडले. भारतातही जुनी मुद्रणे पुन्हा व्हिनाइलवर येऊ लागली आहेत. तिकडे सीडी वाजविण्याची यंत्रे घरांतून नाहीशी होत चालली आहेत. अशा वेळी कोणता संग्रह जपावयाचा आणि कोणता अडगळीत टाकावयाचा हा निर्णय रुचीवर सोपविला, तर त्याचे परिणाम भाषेच्या आणि संगीताच्या अभ्यासाला भोगावे लागतील.

या प्रश्नाची परीक्षा मराठीत करावयाची तर अभंगासारखे दुसरे साहित्य नाही, आणि अभंगाचा विचार आळंदीला वगळून होत नाही. ज्ञानदेवांच्या रचनांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या आणि लता मंगेशकरांनी गायिलेल्या चाली, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले तुकोबांचे अभंग, भीमसेन जोशी यांची संतवाणी हे सारे प्रथम मुद्रिकांतून, मग कॅसेटींतून आणि नंतर सीडींतून घरोघर गेले. आळंदीच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांत पोथ्या, टाळ आणि तुळशीच्या माळा यांच्या शेजारी ही ध्वनिरूपेही विकली गेली. त्याच गावात विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत अभंगाचा पाठ आजही मुखोद्गत करविला जातो. एकच शब्द गुरूच्या तोंडून, पोथीच्या पानावरून आणि यंत्राच्या कर्ण्यातून येथे येतो. या तिसऱ्या वाटेने आलेला शब्द किती शाबूत राहिला, हे पाहणे हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे. तिचा निष्कर्ष असा की, माध्यम म्हणून सीडी निःसंशय अधिक समर्थ आहे. परंतु साक्ष म्हणून एखादी विशिष्ट सीडी तिच्या आधीच्या मुद्रिकेपेक्षा दुबळी असू शकते. या दोन गोष्टींची गल्लत हेच या वादाचे मूळ होय.

२

प्रथम, ध्वनीची साक्ष भाषाभ्यासकाला हवी तरी कशाला, हे पाहिले पाहिजे. देवनागरी लिपी मराठी उच्चाराचे पुष्कळसे चित्र बिनचूक रेखाटते, परंतु काही भेद ती दाखवीतच नाही. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी आला, तर त्यातील ज तालव्य असतो. ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून आला, तर तोच ज दंततालव्य होतो. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे, ‘चार’ ही संख्या आणि गुरे ‘चार’ ही आज्ञा, यांत कागदावर काडीचाही फरक नाही. जुन्या हस्तलिखितांत श आणि स यांची अदलाबदलही वारंवार आढळते. म्हैस या शब्दाचे अनेकवचन म्हशी होते आणि ‘ऐसा’चे स्त्रीलिंगी रूप ‘ऐशी’ होते, हे पाहता ही अदलाबदल नेहमीच लेखनिकाच्या प्रमादाने झाली असे म्हणता येत नाही. काही ठिकाणी ती उच्चाराचीच खूण असते.

पोथी जेथे मुकी होते तेथे गायकाचा कंठ बोलतो. अर्थात विसाव्या शतकातील गायिका तेराव्या शतकातील उच्चार सांगू शकत नाही. परंतु विसाव्या शतकात अभंगाचा शब्द कसा उच्चारला गेला, संस्कृत शब्दातील तालव्य च कोणी राखला, देशी शब्दातील दंततालव्य च कोणी मऊ केला, आणि ळ, ण, अनुस्वार व महाप्राण व्यंजने यांना गाताना किती न्याय मिळाला, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या काळातच भारतीय भाषांच्या नमुन्यांच्या ग्रामोफोन मुद्रिका तयार करविण्यात आल्या होत्या. छापलेल्या खंडांनी उच्चाराची गरज भागत नाही, याची जाणीव त्या उद्योगामागे होती.

आता हे भेद ध्वनीच्या कोणत्या पट्ट्यात राहतात ते पाहू. ळ आणि ल, ण आणि न यांचा भेद मुख्यतः सेकंदास तीन हजार कंपनांच्या आतल्या भागात दिसतो. श या घर्षकाचा जोर सामान्यतः अडीच ते चार हजार कंपनांपासून पुढे जाणवतो. स चा जोर त्याच्याही वर, पाच हजारांपासून आठ हजारांपर्यंत आणि स्त्रीकंठात त्याहूनही वर जातो. दंततालव्य आणि तालव्य च यांचे नाते याच प्रकारचे आहे; मात्र त्यांतील घर्षण अगदी अल्पकाळ टिकते. म्हणून १९२५ पूर्वीच्या, केवळ कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत ळ आणि ण स्पष्ट ऐकू येतात. पण स आणि श यांचा भेद बहुधा श्रोता आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो. त्या यंत्राची पोचच अडीच-तीन हजार कंपनांच्या आसपास संपत असे. विद्युत मुद्रणाने ही मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत नेली. १९४८ पासून प्रचारात आलेली व्हिनाइलची दीर्घ मुद्रिका पंधरा हजार आणि त्याहूनही वर पोचते. १९८२ साली बाजारात आलेली सीडी वीस हजारांपर्यंत पोचते. तेव्हा कागदोपत्री मर्यादा पाहिल्या, तर मराठीची सर्व व्यंजने सांभाळण्यास दोन्ही माध्यमे पुरेशी आहेत. प्रत्यक्षात मात्र दोहोंची वागणूक भिन्न आहे.

३

मुद्रिकेची खाच ही सर्वत्र सारखी नसते. तीस सेंटिमीटर व्यासाची मुद्रिका मिनिटास तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते; हा वेग कायम असतो. परंतु बाहेरच्या कडेशी सुईखालून सेकंदास सुमारे एक्कावन्न सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाशी अवघी एकवीस सेंटिमीटर. आठ हजार कंपनांचे एक आंदोलन बाहेर मिलिमीटरच्या सुमारे चौसष्ट सहस्रांश एवढ्या लांबीत लिहिले जाते; आत ते सव्वीस सहस्रांशात कोंबावे लागते. साध्या गोलाकार सुईच्या टोकाची त्रिज्या अठरा सहस्रांशांच्या आसपास असते. एवढ्या बारीक वळणात असे टोक नीट बसत नाही आणि ‘स’ फाटल्यासारखा, थुंकी उडाल्यासारखा ऐकू येतो. लंबगोल टोकाच्या सुईने हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

याचा अभंगाशी संबंध अगदी निकटचा आहे. अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीची नाममुद्रा येते आणि तिच्याबरोबर बहुधा ‘म्हणे’ हे क्रियापद येते. बाजूवरील शेवटच्या अभंगाचा शेवटचा चरण नेमका त्या अरुंद वर्तुळात पडतो. ‘म्ह’ हा मराठीचा खास महाप्राण अनुनासिक होय. त्यातील श्वासाचा अंश फार हलका असतो, आणि मुद्रिकेच्या पृष्ठभागाच्या खरखरीत तो सहज बुडतो. मुद्रिका थोडी झिजलेली असली, तर ‘म्हणे’ आणि ‘मणे’ यांतील अंतर कानाने मोजण्यासारखे उरत नाही. रचनेतील जी जागा कर्तृत्वाची खूण सांगते, तीच या माध्यमात सर्वांत दुबळी ठरते.

मुद्रिकेचा दुसरा विशेष म्हणजे ती ध्वनी जसाच्या तसा लिहीत नाही. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण व्यवसायाच्या संघटनेने ठरविलेल्या आणि पुढे सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीनुसार मंद्र ध्वनी मुद्दाम दाबून आणि तार ध्वनी मुद्दाम उचलून कोरले जातात. वाजविताना उलट क्रिया करून तोल साधला जातो. मंद्र ध्वनी दाबले नाहीत, तर खाच इतकी रुंद होईल की बाजूवर पुरेसे गाणे मावणार नाही. तार ध्वनी उचलले नाहीत, तर ते पृष्ठभागाच्या खरखरीत हरवतील. या तडजोडीचा परिणाम असा की, पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा आणि गायिकेचा धारदार ‘स’ या दोन्ही गोष्टी कोरणाऱ्या तंत्रज्ञाला आवराव्या लागतात. म्हणजे मुद्रिका हीही संपादित प्रतच आहे. तिला मूळ मानणे हा भाबडेपणा होय.

मग मुद्रिकेचा आवाज उबदार लागतो तो का? हलका विकार आवाजात नवे स्वरांश मिसळतो; ते मुख्य स्वराच्या पटीतले असल्यामुळे बेसूर न वाटता आवाज भरदार वाटतो. अति तार भाग थोडा मावळल्यामुळे कर्कशपणा कमी होतो. डाव्या-उजव्या बाजूंचे ध्वनी एकमेकांत थोडे झिरपल्यामुळे गायक आणि साथीदार अधिक जवळ बसल्याचा भास होतो. पृष्ठभागाची अखंड मंद खरखर शांततेची पोकळी भरून काढते. ऊब ही खरी अनुभूती आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती गायनातून न येता माध्यमातून येते. पोथीच्या पिवळ्या पडलेल्या कागदाला एक शोभा असते, म्हणून पिवळेपणा हा काही पाठाचा भाग होत नाही.

येथे शब्दांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. ‘उबदार’ आणि ‘थंड’ हे स्पर्शाचे शब्द परक्या परिभाषेतून आले आहेत आणि ते निदान करीत नाहीत. मराठी गवयांच्या आणि साजिंद्यांच्या तोंडी याहून नेमकी परिभाषा आहे. तंबोऱ्याची जवारी, पखवाजाचा घुमारा, टाळाचा खणखणाट, स्वराची आस, किनरा कंठ, बद्द आवाज, पिचका आवाज, यांतील प्रत्येक शब्द ध्वनीच्या एका विशिष्ट अंगाकडे बोट दाखवितो. समीक्षकाने ‘या सीडीत ऊब नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘या सीडीत तंबोऱ्याची जवारी ऐकू येत नाही’ असे म्हटले, तर वाद पुराव्याच्या कक्षेत येईल.

४

सीडीविषयीचा सर्वांत रूढ आक्षेप असा की, ती ध्वनीचे तुकडे करते. तेव्हा तुकड्यांमधला भाग हरवतोच. हा आक्षेप वरवर पटण्यासारखा असला तरी बरोबर नाही. सीडीत सेकंदास ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेतले जाते आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसविले जाते. ठराविक पट्ट्यातील ध्वनीचे माप त्या पट्ट्याच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा घेतले, तर त्या मापांवरून तो ध्वनी पुन्हा अखंड उभा करता येतो. मधले काही गळत नाही, हे गणिताने सिद्ध आहे. पायऱ्यांच्या स्थूलपणामुळे उरणारा दोष हा अगदी सूक्ष्म खरखरीच्या रूपाने उरतो, आणि तोही मुद्रिकेच्या खरखरीपेक्षा फारच खाली असतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजातील अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल राहू शकते; चांगल्या मुद्रिकेत ते ६० ते ७० च्या घरात असते. सीडीवर पहिला अभंग आणि शेवटचा अभंग यांना सारखीच जागा मिळते. ‘म्हणे’ आत पडले काय की बाहेर पडले काय, भेद होत नाही.

एवढे सामर्थ्य असूनही अनेक सीडी ऐकताना श्रोत्याला काही उणे वाटते, ते खोटे नव्हे. त्याची कारणे मात्र माध्यमात शोधावयाची नसून माध्यमावर चढविण्यापूर्वी ध्वनीवर केलेल्या संस्कारांत शोधावयाची आहेत. आरंभीच्या वर्षांतील रूपांतर करणारी यंत्रे अपुरी होती. चुंबकीय फितीवरील मूळ मुद्रण काही दशके पडून राहिल्यावर सीडीसाठी काढले गेले, तोवर फीत झिजलेली असू शकते. फितीची सळसळ घालविण्यासाठी जी प्रक्रिया केली जाते ती सळसळ आणि ‘स’ यांत नेहमीच भेद करू शकत नाही. दोन्ही घर्षणेच आहेत. प्रक्रिया जास्त झाली की स चे शेपूट तुटते, महाप्राणाचा श्वास विरतो आणि तंबोऱ्याची जवारी पुसली जाते. मुद्रिकेवरील टकटक काढणारी प्रक्रिया अशीच निष्काळजीपणे लावली, तर टाळाचा पहिला आघात आणि क, ट यांसारख्या स्पर्श व्यंजनांचा स्फोट बोथट होतो. १९९० नंतर आणखी एक रूढी बळावली. गाणे सतत मोठे वाटावे म्हणून लहान आवाज उचलून मोठ्या आवाजांची टोके दाबावयाची. ज्या माध्यमाला ९६ डेसिबलचा विस्तार लाभला, त्याचा उपयोग काही डेसिबलांपुरताच करावयाचा, असा हा उलटा व्यवहार झाला. भीमसेन जोशी यांच्या गायनात दबलेल्या षड्जापासून तारसप्तकातील पुकारेपर्यंत जो चढ असतो, तो अशा संस्काराने सपाट होईल. आणि तो सपाट झाला म्हणजे अभंगातील आर्तता निव्वळ मोठा आवाज बनेल.

५

तेव्हा ‘मुद्रिका की सीडी’ असे न विचारता ‘ही सीडी कशावरून उतरली’ असे विचारले पाहिजे. या कामी पाठचिकित्सेचे एक जुने तत्त्व उपयोगी पडते. दोन प्रतींत एकच चूक आढळली, तर त्या दोहोंचा पूर्वज एक असण्याचा संभव बळावतो. ध्वनीच्या बाबतीत हे तत्त्व अधिकच सोयीचे आहे, कारण प्रत्येक माध्यमाच्या चुका त्याच्या यंत्ररचनेने ठरलेल्या असतात.

सीडीवर एखादी बारीक टकटक दर एक पूर्णांक आठ दशांश सेकंदांनी येत असेल, तर ती सीडी फितीवरून नसून दीर्घ मुद्रिकेवरून उतरली आहे. कारण त्या मुद्रिकेला एका फेऱ्यास तेवढाच वेळ लागतो. हेच अंतर पाऊण सेकंदाहून किंचित अधिक असेल, तर मूळ मुद्रण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या मुद्रिकेचे होय. गायिकेचा आवाज सुरू होण्यापूर्वी त्याच शब्दाची पुसट छाया ऐकू येते आणि ती मुद्रिकेत व सीडीत सारखीच असते, तेव्हा तो दोष मूळ फितीचा असण्याचा संभव अधिक. गुंडाळलेल्या फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपली खूण उमटवितो. तीच छाया केवळ मुद्रिकेत असेल, तर ती शेजारच्या खाचेची आहे. असे आठ-दहा पाठभेद टिपले, की वंशावळ उभी राहते, आणि श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निर्णय प्रत्येक मुद्रणापुरता स्वतंत्रपणे देता येतो.

जुन्या मुद्रणांच्या बाबतीत वेगाचा प्रश्नही याच वर्गातला आहे. अठ्ठ्याहत्तरचा आकडा पुढे रूढ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीची मुद्रणे पुष्कळदा याहून कमी किंवा अधिक वेगाने झाली आहेत. बहात्तर फेऱ्यांनी मुद्रित केलेले गाणे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी वाजविले, तर स्वर सुमारे आठ टक्के चढतो. म्हणजे एका अर्ध्या स्वरापेक्षाही अधिक. स्वराबरोबर आ, ए, ओ यांचे ध्वनिरूपही त्याच प्रमाणात सरकते आणि गायक असावा त्याहून तरुण व बारीक आवाजाचा वाटू लागतो. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या काळातील मुद्रणे सीडीवर ऐकताना हा वेग कोणी व कसा ठरविला, हे समजल्याशिवाय त्यांच्या पट्टीविषयी अथवा स्वरोच्चाराविषयी विधान करणे धोक्याचे आहे. मुद्रिका हाती असेल, तर वेग बदलून पाहता येतो आणि मूळ केंद्राचा शोध घेता येतो. सीडीत संपादकाचा निर्णय गोठलेला असतो.

तुलना ऐकून करावयाची असेल, तर दोन्ही ध्वनी एकाच कर्ण्यातून आणि एकाच मोठेपणाने ऐकले पाहिजेत. एखाद्या डेसिबलाचा फरकही कानाला मोठेपणा म्हणून न कळता सरसपणा म्हणून कळतो. आपण काय ऐकत आहोत हे श्रोत्याला आधी माहीत नसावे, हेही तितकेच आवश्यक आहे. मुद्रिका पाकिटातून काढणे, पुसणे, सुई अलगद टेकविणे, वीस-पंचवीस मिनिटांनी बाजू उलटणे, या साऱ्या उपचाराने श्रोता सावध होतो आणि लक्ष देऊन ऐकतो. हा लाभ खरा आहे. पण तो श्रवणाच्या शिस्तीचा आहे, खाचेचा नव्हे.

६

आळंदीच्या संदर्भात आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, कारण ती दोन्ही माध्यमांना लागू आहे. कार्तिकी वारीला इंद्रायणीकाठी जो अभंग ऐकू येतो, तो एका गायकाचा नसतो. वीणेकरी चरण उचलतो, टाळकरी तो झेलतात, पखवाज चालीला पाऊल देतो, आणि एकच चरण रंग चढेपर्यंत फिरत राहतो. तेथे टाळांचा नाद शब्दाच्या वरचढ होतो आणि तरीही शब्द बुडत नाही, कारण तो सर्वांना मुखोद्गत असतो. ध्वनिमुद्रणगृहात हा तोल उलटा केला जातो. कंठ पुढे येतो, टाळ एक-दोन जोड्यांवर येतात आणि मागे बसतात.

यात व्यवसायाच्या रुचीचा भाग आहेच, पण माध्यमाचाही आहे. टाळाचा नाद हा कोरणाऱ्या यंत्राला सर्वांत अवघड असणाऱ्या तार ध्वनींचा पुंज आहे. पन्नास टाळ एकदम वाजले, तर तो सांभाळण्यासाठी एकूण आवाज उतरवावा लागतो आणि मग शब्द खरखरीजवळ जातो. त्याचप्रमाणे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या मुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत. त्या चौकटीत अभंगाचे निवडक चरण आणि मोजकी पुनरावृत्ती एवढेच मावे. अभंग म्हणजे तीन मिनिटांचे बांधेसूद गीत, ही जी शहरी श्रोत्याची समजूत झाली, तिच्या मुळाशी ही चौकट बऱ्याच अंशी आहे. दीर्घ मुद्रिकेने बाजूला वीस-पंचवीस मिनिटे दिली; तरी सत्तावीस अभंगांचा हरिपाठ धृपदासह सावकाश म्हटला, तर तो मध्येच तुटतो. सीडीच्या चौऱ्याहत्तर मिनिटांत तो अखंड मावतो, आणि पन्नास टाळांचा नादही शब्दाला धक्का न लावता राहू शकतो. दिंडीचा ध्वनी त्याच्या स्वाभाविक विस्तारासह जतन करण्याची सोय या दोन माध्यमांपैकी सीडीनेच प्रथम दिली. तिच्यावर मुख्यतः जुनी ध्वनिमुद्रणगृहातील गीतेच पुन्हा पुन्हा उतरविली गेली आणि दिंडीला त्या मानाने थोडी जागा मिळाली, हा दोष वापरणाऱ्यांचा आहे.

७

आळंदी आणि पाठशुद्धी यांचे नाते जुने आहे. अजानवृक्षाची मुळी ज्ञानदेवांच्या कंठाला लागली असल्याचा दृष्टांत झाल्यावरून एकनाथ आळंदीस आले, असे परंपरा सांगते. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. वारकरी संप्रदायाने नित्यपाठासाठी ती परंपरा शिरोधार्य मानली, आणि ते योग्यच होते. उपासकाला एक निश्चित पाठ हवा असतो. परंतु भाषेच्या अभ्यासकांना त्याच्या पूर्वीची रूपे हवी होती. वि. का. राजवाडे यांनी आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली ती १९०९ मध्ये, आणि तिच्या आधारे त्या भाषेचे व्याकरण लिहिले. त्यांच्या मतांविषयी वाद झाले. परंतु शुद्ध प्रतीबरोबर जुन्या पोथ्याही कोणीतरी जपल्या म्हणूनच वाद करणे शक्य झाले.

ध्वनीच्या क्षेत्रात आज नेमकी अशीच स्थिती आहे. सीडी ही शुद्ध केलेली प्रत होय. ती नित्य श्रवणासाठी सोयीची आहे. तिची धारणाशक्ती मोठी आहे. लहानसहान ओरखडे ती गणिताच्या साह्याने स्वतःच भरून काढते. मात्र तिच्या शुद्धीकरणात काय पुसले गेले हे ती सांगत नाही, आणि ओरखडा मर्यादेबाहेर गेला की ती एकदम मुकी होते. मुद्रिका ही जुनी पोथी होय. ती झिजते, खरखरते, शेवटच्या चरणाशी अडखळते. पण ओरखडे पडले तरी बोलत राहते. फीत नष्ट झाली असेल, तर मूळ गायनाच्या सर्वांत जवळची साक्ष तीच उरते.

यावरून निर्णय असा करता येईल. मूळ फितीवरून, अल्प संस्कारांनी आणि ध्वनीचा स्वाभाविक चढउतार राखून केलेली सीडी ही मुद्रिकेपेक्षा सर्व दृष्टींनी श्रेष्ठ साक्ष मानावी. विशेषतः स-श, तालव्य आणि दंततालव्य च-ज, व म्ह-न्ह यांच्या अभ्यासासाठी. मुद्रिकेवरून उतरलेली किंवा सळसळ काढण्याच्या भरात घर्षक व्यंजने झिजविलेली सीडी ही दुय्यम साक्ष मानावी आणि तिच्या जागी चांगल्या स्थितीतील मुद्रिका ऐकावी. नव्याने निघालेली व्हिनाइलची आवृत्ती केवळ व्हिनाइलवर आहे म्हणून जुनी मानू नये. ती अंकीय प्रतीवरून कोरलेली असू शकते, आणि तसे असल्यास ती सीडीचीच नक्कल, वर खाचेचे दोष चढलेली अशी ठरते.

ज्या ग्रंथालयांत, देवस्थानांत आणि घरांत अभंगांच्या मुद्रिका अजून शिल्लक आहेत, तेथे सीडी आली म्हणून मुद्रिका टाकून देऊ नयेत, आणि मुद्रिका पुन्हा मानाच्या झाल्या म्हणून सीडी मोडीत काढू नयेत. प्रत्येक संग्रहात मुद्रणाचा क्रमांक, ते कशावरून उतरले, कोणत्या वेगाने वाजविले आणि कोणते संस्कार झाले याची नोंद प्रतीसोबत ठेवावी. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, स्थळ आणि शक लिहून ठेवीत असे. ध्वनीच्या प्रतीलाही अशा पुष्पिकेची आवश्यकता आहे.